जितके पातळ, तितके जहाल

होमिओपॅथीत औषधाची ताकद ते किती वेळा पातळ केले त्यावरून ठरते. या ताकदीला पोटेन्सी म्हणतात. मदर टिंक्चरचा, म्हणजे मूळ अर्काचा, एक भाग घ्यायचा, त्यात ९९ भाग अल्कोहोल घालायचे आणि बाटलीला जोरदार झटके द्यायचे. झाली १ सी. तिच्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत गेला की २ सी. अर्निका ३० हवी असेल तर हा उद्योग तीस वेळा. झटके चुकवून चालत नाहीत. या पद्धतीचे जनक सॅम्युएल हानेमान बाटली टणक पण लवचिक वस्तूवर आपटायला सांगतात आणि उदाहरण देतात ते कातडी बांधणीच्या पुस्तकाचे. औषधनिर्मितीत ग्रंथांचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुठल्या पॅथीत आढळत नाही.

हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ १८१० साली निघाला. पदार्थात रेणू साधारण किती असतात याचा पहिला अंदाज योहान लोश्मिट यांनी १८६५ साली बांधला. तोवर हानेमान यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. तेव्हा १२ सीच्या आसपास मूळ पदार्थाचा शेवटचा रेणूही बाटली सोडून जातो, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. अनुयायांना मार्ग होता, सवड झाली नाही. ३० सी म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या पटीने पातळ. एवढ्या पातळ द्रावणात मूळ पदार्थाचा एक रेणू गाठायचा, तर सुमारे पाच अब्ज पृथ्व्यांच्या वजनाइतके पाणी प्यावे लागेल. दवाखान्यात चार-चार साबुदाणे तीन वेळा एवढ्यावर भागते.

फ्रान्समध्ये फ्लूवर खपणारे ऑसिलोकोक्सिनम त्याहून वरचे, २०० सीचे. ते बदकाच्या हृदय-यकृतापासून बनते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जोसेफ रॉय या डॉक्टरांना फ्लूच्या रोग्यांत एक थरथरणारा जंतू दिसला, मग तोच बदकात दिसला. त्यांच्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. बदक तर २०० सीला पोहोचेपर्यंत केव्हाच दिसेनासे होते. नसलेल्या जंतूवर नसलेले औषध: समानाने समान बरे करण्याच्या होमिओपॅथीच्या तत्त्वाचे याहून चोख उदाहरण नाही.

पोटेन्सीवरच्या संशोधनात सर्वांत गाजले ते जाक बेनव्हेनिस्त यांचे. एकही रेणू उरणार नाही इतक्या पातळ प्रतिपिंडांनाही रक्तपेशी दाद देतात, असा त्यांचा लेख जून १९८८च्या ‘नेचर’मध्ये आला. प्रयोगशाळा पाहू देण्याच्या अटीवरच संपादक जॉन मॅडॉक्स यांनी तो छापला होता. मग मॅडॉक्स, वैज्ञानिक लबाड्या हुडकणारे वॉल्टर स्ट्यूअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी असे तिघे पॅरिसजवळच्या क्लामारला थडकले. कोणत्या नळीत पातळ प्रतिपिंडे आणि कोणत्या नळीत नुसते पाणी याची यादी गुंडाळून पाकिटात बंद केली आणि पाकीट छताला चिकटवून टाकले. परिणाम नाहीसा झाला. म्हणतात तशी पाण्याला मूळ पदार्थाची स्मरणशक्ती असेलही. पण आपल्या नळीवर काय लिहिले आहे हे माणसांना कळल्याखेरीज त्याला काही आठवत नाही.

महाराष्ट्राचा वाटा २०१० सालचा. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी सोने, चांदी, तांबे, कथील, जस्त आणि प्लॅटिनम यांच्या बाजारातल्या बाटल्या तपासल्या आणि २०० सीतही धातूचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले. पेढे वाटण्याजोगीच गोष्ट! फक्त त्याच निबंधात असेही होते की ६ सी आणि २०० सी यांत कणांच्या आकारात वा प्रमाणात मोठा फरक नाही. म्हणजे पातळ करूनही औषध पातळ होत नाही, आणि ३०ची २०० केली तरी बाटलीत बदलते ते मुख्यतः लेबल. शिवाय ‘लुना’ हे औषध चांदण्यापासून करतात. त्यातले कण कोणत्या यंत्राखाली धरायचे हा प्रश्न उरतोच.

रोग्यांवरच्या चाचण्यांचे थोडक्यात सांगता येते. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये होमिओपॅथीच्या ११० चाचण्या तितक्याच अ‍ॅलोपॅथीच्या चाचण्यांशेजारी ठेवल्या गेल्या; चाचणी जितकी मोठी आणि काटेकोर, तितका होमिओपॅथीचा गुण ओसरत गेला. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली १७६ अभ्यास चाळले आणि ६१ तक्रारींपैकी एकीवरही भरवशाचा पुरावा नसल्याचे सांगितले. याला पराभव म्हणणे पोटेन्सीच्या नियमाला धरून नाही. पुरावा पातळ होत होत शून्यावर आला असेल, तर तो आता भलताच जहाल झाला असला पाहिजे. जानेवारी २०२०मध्ये आयुष मंत्रालयाने कोरोनाला अटकाव म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० सुचवले, ते या हिशेबाला धरूनच.

महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात बदल करून, वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहून देण्याची वाट मोकळी केली. त्यावरचे भांडण पुढे बरेच रंगले. त्या औषधांचे डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि गुण कमी पडला तर ती पातळ करत नाहीत.