कण्हेरीच्या भरवशावर

महामार्गाच्या सादरीकरणातला निसर्ग मोठा शिस्तीचा असतो. पडद्यावरची झाडे एका उंचीची, एका वयाची आणि बारमाही हिरवी. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखे निळे. रस्त्यावर मोजून चार गाड्या, त्याही पांढऱ्या. उसाचा ट्रॅक्टर नाही, शेळ्या नाहीत, उलट्या दिशेने येणारी दुचाकी तर नाहीच नाही. साहेब समाधानाने बिस्किट उचलतात आणि विचारतात, "ही झाडं कधीपर्यंत लागतील?" सल्लागार सांगतो, "रस्ता झाला की लगेच, सर."

या 'झाला की लगेच'मध्येच सगळी मेख आहे. आधी आखणी, मग भूसंपादन, मग काँक्रीट, मग टोलनाका, मग फीत. आणि एवढे होऊन पैसे उरले तर निसर्ग. अंदाजपत्रकात त्याला 'सुशोभीकरण' म्हणतात. लग्नघराच्या दारावरच्या झेंडूच्या माळेला जो मान, तोच यालाही: वऱ्हाड यायच्या आत चढली पाहिजे, पुढे वाळली तरी कोणी विचारत नाही. न्यूझीलंडसारख्या देशात मोठा महामार्ग आखतानाच नागरी आणि भूदृश्य रचनेचा वेगळा आराखडा करायला घेतात. पण त्यांच्याकडे माणसे कमी आणि मेंढ्या फार. वेळ जात नसेल बिचाऱ्यांचा.

समृद्धी महामार्गाचेच पाहा. नागपूर ते मुंबईजवळचे आमणे, 701 किलोमीटर, दहा जिल्हे, साधारण 120 मीटर रुंदीचा पट्टा, ताशी 150 किलोमीटर वेग धरून केलेली आखणी. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जोडबोगदा पाहिला की अभियंत्यांना दाद द्यावीच लागते. अडचण एकच झाली. रस्ता इतका सरळ, इतका गुळगुळीत आणि इतका एकसारखा निघाला की चालकाला करण्यासारखे काही उरलेच नाही. मग तो डुलक्या घेऊ लागला.

2023 मध्ये नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासातून 'महामार्ग संमोहन' हा शब्द वर्तमानपत्रांत आला आणि नवा रोग सापडल्याच्या थाटात त्यावर चर्चा झडल्या. रोग जुनाच आहे. जर्मनीत 1935 मध्ये फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट हा ऑटोबानचा एक सुरुवातीचा तुकडा सुरू झाला, तेव्हा आखणीवर रेल्वेच्या अभियंत्यांची छाप होती आणि सरळ रेघ ही त्यांची जन्माची सवय. आल्विन झाइफर्ट हा भूदृश्यरचनाकार त्यांच्याशी हुज्जत घालत राहिला. त्याचे म्हणणे, रस्ता जमिनीच्या चढउताराबरोबर वळला पाहिजे. राजवट नाझींची, त्यामुळे त्या काळातल्या कुणाचे गोडवे गायचे कारण नाही. पण लांबलचक सरळ रस्ता झोप आणतो, हे तिथल्या रस्तेबांधणीला कळून चुकले आणि पुढे लांब, सौम्य वळणे ही रीतच झाली. इंग्लंडच्या सिल्व्हिया क्रो यांनी तर रस्त्यांच्या भूदृश्यावर अख्खे पुस्तक लिहिले, 1960 मध्ये. म्हणजे पुस्तक महाराष्ट्र राज्याच्याच वयाचे आहे. दोघांची गाठ मात्र अजून पडायची आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ही झोप एवढी का छळत नाही? तिथे बोरघाट आहे. वळण, बोगदा, दरी, धुके, पावसाळ्यात धबधबा: डोळ्यांना काम पुरवण्याचे कंत्राट सह्याद्रीने फुकटात घेतले आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर हे काम माणसाने करायचे होते. तिथे कुठे झाडांची दाटी, कुठे मोकळा माळ, कुठे दूरचा डोंगर समोर यावा असे वळण, हे मोजणीच्या नकाशावरच ठरते. काँक्रीट ओतल्यावर उरतात ते रंबलर पट्टे, रंगीत फलक आणि समुपदेशन. होय, समुपदेशन. वेगमर्यादा मोडणाऱ्यांना परिवहन विभागाने खरोखरच समुपदेशन केंद्रात बसवले. रस्ता झोपवणार, शासन जागवणार.

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. त्या अपघाताच्या कारणांवर बराच वाद झाला. त्यावरचा एक उपाय मात्र कोणत्याही अभियंत्याला सुचला नसता: अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र पुरून जप करण्यात आला. पुढे त्यावरून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला.

आता दुभाजकाकडे. इथे राज्य कण्हेरीचे आणि बोगनवेलीचे. निवड वाईट नाही. कण्हेर विषारी, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. पाणी कमी लागते. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडतो. पण रोप कितीही चिवट असले तरी पहिले दोन उन्हाळे कुणाला तरी पाणी घालावेच लागते. लावणीचे बिल रोपामागे निघते, जगवण्याचे निघता निघत नाही. परिणाम मे महिन्यात दिसतो. मुरुमात केलेला वीतभर खड्डा, त्यात काळ्या पिशवीसकट बसवलेले रोप, शेजारी बांबूची काठी. तिघांत काठीच तेवढी ताठ. लाखोंच्या वृक्षारोपणाच्या घोषणेत काठ्या धरल्या असतील तर आकड्याला हरकत घेता येणार नाही.

वन्यजीवांच्या वाट्याला पूल आले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने रस्त्याच्या वरून आणि खालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या गेल्या, आणि ही या प्रकल्पातली खरोखर शहाणपणाची गोष्ट. एप्रिल 2022 मध्ये अशाच एका पुलाची कमान कोसळली आणि 2 मे रोजी ठरलेले पहिल्या टप्प्याचे उद्घाटन पुढे गेले. नीलगाईंनी तारखेबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

माणसांची सोय त्यानंतर. महामार्ग सुरू झाला तेव्हा नागपूरहून शिर्डीला निघालेल्या कुटुंबाला टोलनाके भरपूर आणि स्वच्छतागृहे दुर्मीळ अशी अवस्था होती. पेट्रोल पंपांचीही तीच तऱ्हा. सराईत प्रवासी चपात्या, चटणी आणि दोन कॅन पाणी घेऊन निघत. नगररचनेचा हिस्सा म्हणून इंटरचेंजच्या कडेला 'कृषी समृद्धी नवनगरे' उभी राहायची होती. वर्धा जिल्ह्यात विरूळ, अमरावतीत दत्तापूर, बुलढाण्यात सावरगाव माळ, अशी नावे वर्षानुवर्षे छापून येत राहिली. रस्ता धावू लागला तरी नवनगरांचा मुक्काम नकाशावरच.

आणि आता शक्तिपीठ महामार्ग. पवनार ते गोव्याच्या सीमेवरचे पत्रादेवी, मूळ आराखड्यात 802 किलोमीटर. 24 जून 2025 रोजी मंत्रिमंडळाने 20,787 कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी आधीपासूनच मोजणीला विरोध मांडला होता. तिथे भूदृश्य आयते आहे: नदीकाठची काळी जमीन, ऊस, बांधावरचे आंबे-जांभळी, पुढे घाट. आखणीच्या बैठकीत हे सगळे 'बाधित क्षेत्र' या रकान्यात जाते. बांधावरच्या आंब्यावर लाल रंगाने क्रमांक पडतो, पंचनाम्यात त्याचा घेर आणि भरपाईचा दर लिहिला जातो, आणि त्याच फायलीच्या मागच्या पानांवर सुशोभीकरणाच्या निविदेचा मसुदा तयार होतो. त्यात कण्हेर असते.