जाड टाकू का, साहेब?

मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, स्टेशनबाहेर तो हटकून सापडतो. झेरॉक्स मशीनच्या मागे, कोरल ड्रॉ उघडून बसलेला. पाटीवर ‘डीटीपी, फ्लेक्स, लग्नपत्रिका, पॅन कार्ड’. स्वतःच्या कार्डावर मात्र ‘ग्राफिक डिझायनर’. तुम्ही मजकुराचा कागद पुढे करायच्या आत तो विचारतो, “जाड टाकू का, साहेब?”

नको म्हणायची सोय नाही. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर, मग पैसे मोजलेली जागा मोकळी सोडायची म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडायचं, असा त्याचा सचोटीचा हिशेब. शिवाय रिक्षातून जाणाऱ्याला दिसायला नको?

त्याची दैवतं दोन, ‘मोदक’ आणि ‘बालू’. दोन्ही फॉण्ट मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींनी घडवलेले, गूगल फॉण्ट्सवर फुकट मिळणारे. मोदकाचं अक्षर इतकं फुगलेलं की ‘व’च्या पोटात जेमतेम चीर उरते. बालूचं नाव अस्वलाचं आणि अंगलटही तीच. त्यातून गोतावळा नऊ भारतीय लिप्यांचा: गुजरातीत ‘बालू भाई’, गुरुमुखीत ‘बालू पाजी’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’, मल्याळममध्ये ‘बालू चेट्टन’. उपनगरात धंदा करणाऱ्याला आणखी काय हवं? सकाळी फरसाणवाला, दुपारी अय्यप्पा पूजेची मंडळी, संध्याकाळी पंजाबी ढाबा. भाषा कुठलीही असो, अक्षर जेवून उठलेलं.

याच मुलुंडात कमल शेडगे राहायचे. २०२० साली गेले. नाटकाचा स्वभाव त्याच्या नावाच्या अक्षरातच दाखवणारा माणूस. “शेडगेसाहेब म्हणजे देव!” म्हणत हा कानाची पाळी धरतो आणि दहीहंडी, दादांचा वाढदिवस, मूळव्याधीचं शिबिर या सगळ्यांना एकच मोदक वाढतो.

त्याची कला बघायची तर त्याच्या जुन्या कोरलमध्ये युनिकोड मजकूर चिकटवल्यावर बघावी. ‘हार्दिक’ची वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडते, ‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ फुटून त्याचे दोन तुकडे होतात. मग हा चष्मा कपाळावर सरकवतो, वेलांटी माऊसने अलगद उचलतो, ‘द’च्या डोक्यावर ठेवतो, केसभर डावीकडे सरकवतो. एरवी गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस त्या क्षणी लेकराचं टोपडं बांधत असल्यासारखा दिसतो.

परवा एक गृहस्थ वडिलांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून घ्यायला आले होते. पडद्यावर ‘भावपूर्ण’ हा शब्द गाल फुगवून बसला होता.

“हे जरा… आनंदी वाटतंय का?”

“काका हसतमुख होते ना? मग!”

गृहस्थ विरघळले. “फॉण्ट कुठला म्हणालात?”

“मोदक.”

“अहो, बाबांना डायबेटिस होता.”

त्याने प्रिंटचं बटण दाबलं. “आता कसलं पथ्य, साहेब!”