मी तुम्हालाच फोन करत होतो: चालू भूतकाळाची प्राथमिक मार्गदर्शिका

इंग्रजीतल्या चालू भूतकाळाला नवशिके उगाच घाबरतात. वास्तविक हा काळ आपल्या सोयीचाच आहे. काम हातात घेतलं होतं एवढं ठणकावून सांगायचं आणि ते पुरं झालं की नाही हे गुलदस्त्यात ठेवायचं, अशी सवलत दुसरा कुठलाच काळ देत नाही. मराठी व्याकरणात याचं नाव अपूर्ण भूतकाळ. शाळेत 'चालू' शिकवतात, तेही चुकीचं नाही.

साहित्य: एक कर्ता. त्याच्या मानाने वॉज किंवा वेअर. आय, ही, शी, इट यांना वॉज. वी, यू, दे यांना वेअर. समोर एकटाच माणूस उभा असला तरी 'यू'ला वेअरच लावावं, तिथे इंग्रजी अजूनही अहोजाहो करते. मग एक क्रियापद, त्याच्या शेपटीला आयएनजी. आजारपणाच्या रजेच्या अर्जात 'आय वॉज लाइंग इन बेड' लिहिताना 'इन बेड' गाळू नये; उरलेलं वाक्य कबुलीजबाब ठरतं. आणि शेवटचं, बहुतेक पुस्तकं विसरतात ते साहित्य: मध्येच तडमडणारं कुणीतरी.

हे तडमडणारं पात्र नसेल तर वाक्य ओकंबोकं वाटतं. 'आय वॉज टेकिंग अ बाथ' म्हटलं की ऐकणारा वाट पाहत राहतो, मग पुढे काय झालं? 'व्हेन द वॉटर स्टॉप्ड.' आंघोळ लांबलेली म्हणून ती चालू भूतकाळात, नळ एका क्षणात गेला म्हणून तो साध्या भूतकाळात. अदलाबदल केली तर पाणी जात असल्याचं पाहून तुम्ही हुशारीने आंघोळ उरकलीत, असा अर्थ निघेल. दोन्हीकडे आयएनजी लावलं, म्हणजे 'व्हाइल आय वॉज कुकिंग, ही वॉज वॉचिंग द मॅच', तर व्यत्यय कुणाचाच नाही, नुसती तक्रार आहे.

कचेरीत वापरण्याआधी पुढची दोन वाक्यं पाठ करावीत. 'व्हेन द बॉस केम, वी वेअर वर्किंग' म्हणजे साहेब आले तेव्हा काम चालू होतं. 'व्हेन द बॉस केम, वी वर्क्ड' म्हणजे साहेब आल्यावर कामाला लागलो. दुसरं खरं असलं तरी लेखी देऊ नये.

आता या काळाचा खरा गुण. 'ही वॉज क्रॉसिंग द रोड' यावरून तो पलीकडे पोचला असं सिद्ध होत नाही. 'ही वॉज वॉकिंग' म्हटलं तर तो चालला हे मात्र नक्की, कारण चालण्याला शेवटचं टोक नसतं. दोन पावलं टाकली तरी चालणंच. डेव्हिड डाउटी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या कोड्यावर बरंच डोकं चालवलं आणि त्याला इम्परफेक्टिव्ह पॅराडॉक्स असं भारदस्त नाव मिळालं. आपल्याकडे हे ज्ञान नाव नसतानाही होतंच. सबबीसाठी नेहमी टोक असलेलं काम निवडावं: अहवाल लिहिणं, घरून निघणं. 'आय वॉज राइटिंग द रिपोर्ट' यात अहवालाची एक ओळही अस्तित्वात असण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

काही क्रियापदं आयएनजीला हात लावू देत नाहीत. नो, बिलाँग, ओन, बिलीव्ह ही त्यांतली सोवळी मंडळी. 'आय वॉज नोइंग हिम' म्हणू नये. ओळख असते किंवा नसते, ती चालू नसते. 'हॅव' मात्र दोन्ही घरचा पाहुणा. 'आय वॉज हॅविंग टी' चालतं, 'आय वॉज हॅविंग टू फ्लॅट्स' चालत नाही. खाण्यापिण्याला आयएनजी आहे, मालमत्तेला नाही. आयकरवाल्यांसमोर बसताना हे ध्यानात असावं. निसीम इझिकेल यांनी या आपल्या आयएनजीच्या हौसेवर इंग्रजीत कविताच लिहिल्या. मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभाची कविता त्यांपैकी गाजलेली. इझिकेल १९२४ साली मुंबईत बेने इस्रायली ज्यू घरात जन्मले, म्हणजे ही आपली इंग्रजी त्यांनी दुरून ऐकलेली नव्हती. त्या कवितेत हसू जास्त की माया, यावर वाद घालता येतो. मला माया जास्त वाटते. इकडे मॅकडोनाल्ड्सने २००३पासून 'आय ॲम लव्हिंग इट' जगभर लावून ठेवलं, त्याला कुणी लाल शाईने गोल केला नाही. मोठ्यांनी केला की तो आर्ष प्रयोग.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र पुढे आहे आणि त्याबद्दल इंग्रज लेखक आपल्याला सावध करणार नाहीत, कारण तो मराठीने खणलेला आहे. एक साधा जबाब घ्या: 'आरोपी बाकावर बसला होता. त्याने निळा शर्ट घातला होता. नंतर पाहिलं तर तो झोपला होता.' तिन्ही ठिकाणी आपला पूर्ण भूतकाळ. मराठीच्या हिशेबाने बूड टेकलं की बसणं पूर्ण झालं, पुढची फक्त अवस्था. इंग्रजीला ती अवस्थाही चालू वाटते, म्हणून वॉज सिटिंग, वॉज वेअरिंग, वॉज स्लीपिंग. नवशिका सरळ शब्दाला शब्द ठेवून 'हॅड सॅट, हॅड वॉर्न, हॅड स्लेप्ट' लिहितो. वाचणाऱ्या इंग्रजाच्या डोळ्यांसमोर आरोपी बसून उठलेला, शर्ट बदललेला आणि झोप काढून ताजातवाना झालेला असतो. त्याला आता कुठे शोधायचं? बरं, सावध होऊन 'ही वॉज पुटिंग ऑन अ ब्लू शर्ट' लिहिलं, तर साक्षीदाराने पाहिलं तेव्हा त्याचा एक हात बाहीत आणि एक बाहेर होता. उभं असणं, टेकणं, लोंबकळणं, चष्मा लावणं या सगळ्यांना हाच नियम. 'दारात उभा होता' मध्ये तर मराठीत 'होता'खेरीज क्रियापदच नाही, तरी इंग्रजीत 'वॉज स्टँडिंग'.

दुसरा, जरा लहान खड्डा 'जात होतो'चा. मराठीत ते सवयीलाही चालतं. 'मी कराडला शाळेत जात होतो' याचं 'आय वॉज गोइंग टू स्कूल इन कराड' केलं, तर तुम्ही अजून वाटेतच असल्यासारखं वाटेल. मोडलेल्या सवयीला 'यूज्ड टू'. आपला 'जात असे'वाला रीती भूतकाळ. अपवाद एकच: सवय दुसऱ्याची असेल आणि तिचा त्रास तुम्हाला असेल, तर 'ऑलवेज' घालून आयएनजी खुशाल वापरावं. 'ही वॉज ऑलवेज बॉरोइंग आवर लॅडर.' शेजाऱ्यांसाठी इंग्रजीने ही खास तरतूद ठेवली आहे.

'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प' ऐकून काल काय वाटत होतं असं विचारू नये. गरज आत्ताची आहे, भिडेने मागे सरकवली आहे. आपणही दारात उभं राहून 'जरा पैसे हवे होते' असंच म्हणतो, आणि हवे असतात त्याच दिवशी.

वरच्या वर्गातल्यांसाठी 'वॉज बीइंग बिल्ट'. पूर्वी इंग्रज 'द हाउस वॉज बिल्डिंग' म्हणत, घर आपलंआपणच बांधलं जात असल्यासारखं. एकोणिसाव्या शतकात 'बीइंग बिल्ट' रुळू लागलं तेव्हा रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारख्या अमेरिकन भाषारक्षकांनी आरडाओरडा केला. उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. 'द ब्रिज वॉज बीइंग बिल्ट' या वाक्यात ठेकेदाराचं नाव लागत नाही, पूल झाला असंही म्हणावं लागत नाही. एवढी सोय कोण सोडेल?

स्वाध्याय: पुढील वाक्यांचं इंग्रजी करा. आजोबा टोपी घालून झोपाळ्यावर बसले होते. तुमचा मेसेज वाचतच होतो, तेवढ्यात बॅटरी गेली. तुम्ही आलात तेव्हा रस्ता खणला जात होता. उत्तरं दुसऱ्या भागात पाहावीत. द सेकंड पार्ट वॉज बीइंग प्रिंटेड.