सगोत्र नको गं बाई!

ऐकलंत का? समर्थनगरापासून सिडकोपर्यंत सध्या म्हणे दिवाणखान्यात समुद्र भरायचं खूळ आलंय. तेही कुठे, तर छत्रपती संभाजीनगरात! नळाला पाणी येणार चार-आठ दिवसांनी, तेही पैठणच्या नाथसागरातून उपसून. खरा समुद्र पाहायचा तर मुंबई गाठा, सव्वातीनशे किलोमीटरांच्या वर. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना!

गोड्या पाण्यात गप्पी सोडले असते तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण नाही. आधी आरओचं पाणी साठवा, मग त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम खास समुद्री मीठ कालवा. तीनशे लिटरच्या टाकीला झालं साडेदहा किलो! एका घरच्या आजींनी ते पोतं बघून विचारलं म्हणे, “यंदा एवढं लोणचं कुणासाठी?” पाणी आटलं की वरून पुन्हा गोडंच ओतायचं, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. आणि टाकीतलं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहायला हवं. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, घरचे कूलरसमोर घाम पुसतात नि माशांना मात्र चिलर! वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकीचा पंप, मग उरलं तर माणसांचा पंखा.

आणि एवढं सगळं कुणासाठी, तर एंजलफिशसाठी. गोड्या पाण्यातला तो त्रिकोणी एंजल नव्हे हो. त्याचं घराणंच वेगळं. हे खाऱ्या पाण्यातले, रंगाने देखणे नि स्वभावाने खाष्ट.

खरी मजा पुढेच आहे. हे मासे पत्रिका जुळवून आणावे लागतात! पहिला नियम, सगोत्र नको. फ्लेम एंजल आणि कोरल ब्युटी, दोघेही सेंट्रोपायजी गोत्रातले, बोटभर लांबीचे बुटके एंजल. लहानशा टाकीत एकत्र घातले की एकमेकांचे पर कुरतडलेच समजा. म्हणून गोत्र वेगळं, अंगलट वेगळी, रंग वेगळा असं स्थळ बघायचं. गरीब स्वभावाचा आधी आणायचा, दांडगा शेवटी. आधी दांडगा आला की अख्खी टाकी तो आपल्याच नावावर करून बसतो. लपायला खडकांच्या कपारी हव्यात, म्हणजे मार खाणाऱ्याला तोंड लपवता येतं. त्यातल्या त्यात जेनिकॅन्थस घराणं मवाळ. पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खातं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाकीच्यांपैकी बरेच महागड्या प्रवाळांचे लचके तोडतात.

एम्परर एंजलची तर तऱ्हाच न्यारी. पिल्लू असतं गडद निळं, अंगावर पांढरी वर्तुळं. मोठं झालं की पिवळे-निळे पट्टे! हे सोंग इतकं बेमालूम की जुन्या शास्त्रज्ञांनी पिल्लाला वेगळीच जात ठरवून निकोबारच्या नावावरून त्याचं बारसंही उरकलं होतं. घ्या! दुकानात दोन इंचांचं गोजिरवाणं पाहून लोक भुलतात. मग ते वाढतं दीड फुटाच्या जवळपास, आणि टाकी नि सोफा यांत एकाला घराबाहेर पडावं लागतं. त्याला हजार लिटरची टाकीही ऐसपैस म्हणता येणार नाही.

आता कान जरा इकडे करा, पोराबाळांसमोर बोलायची गोष्ट नाही. सेंट्रोपायजींमध्ये एक नर नि त्याचा जनानखाना असतो. नर गेला की त्यातली सर्वांत दांडगी मादी काही आठवड्यांत स्वतःच नर होते. म्हणजे गुण जुळवून आणलेली सून कधी कारभारी होऊन बसेल, सांगता येत नाही!

शहाणे सांगतात, तीनशे लिटरला एकच बुटका एंजल आणा आणि गप्प बसा. पण हौशी माणूस एकावर थांबला तर तो हौशी कसला? उस्मानपुऱ्यात तर ऐकते, एकाने एंजलच्या जोडीला टँग माशाची बोलणी लावलीत. टँगच्या शेपटीच्या बुडाशी धारदार पातं असतं, हे एंजलकडच्यांच्या कानावर कुणी घातलंय की नाही?