टायटल बार रंगवणाऱ्या समस्त मंडळींस अनावृत पत्र

सर्वश्री विंडो मॅनेजरकार, टूलकिटकार, अ‍ॅपकार आणि थीमकार यांस,

स. न. वि. वि.

प्रथम आपले जाहीर आभार. या घटकेला माझ्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर चार विंडो उघड्या आहेत आणि त्या बंद करायला चार तऱ्हेच्या फुल्या आहेत. टर्मिनलची फुली मी हौसेने निवडलेल्या थीमची, बारीक आणि चौकोनी. गनोमच्या एडिटरला जाडजूड हेडरबार, त्यात करड्या गोलातली फुली. फायरफॉक्सने टायटल बारच्या जागी टॅब मांडलेत आणि फुली त्यांच्या शेजारी टेकवली आहे. चॅटचे इलेक्ट्रॉनवर बेतलेले अ‍ॅप तर आपली फुली घरूनच काढून आले आहे. बाहेर कोणती थीम आहे याचे त्याला सोयरसुतक नाही. एकाच पडद्यावर एवढी विविधता फुकटात मिळते आणि तरी लोक कुरकुर करतात, याला कृतघ्नपणा म्हणायचे.

पूर्वी फार कंटाळवाणे होते. एक्स 11 ची रीत अशी की विंडोच्या आतले प्रोग्रामने काढायचे आणि भोवतीची चौकट विंडो मॅनेजरने. प्रोग्राम जीटीकेत लिहिलेला असो की क्यूटीत, बाहेरून सगळे सारखे. थीम बदलली की सगळ्यांच्या पट्ट्या एका दमात बदलत. त्यात कसली आली गंमत?

थीम करणाऱ्याचे हाल मात्र तेव्हाही होते. एक्सएफसीईच्या चौकटीची थीम म्हणजे एक्सपीएम चित्रांचे बोचके: चार कोपरे, तीन कडा, टायटलचे पाच तुकडे, शिवाय प्रत्येक बटणाची सक्रिय, निष्क्रिय आणि दाबलेली अशी निरनिराळी चित्रे. जास्त पिक्सेलच्या पडद्यासाठी हेच सगळे पुन्हा, मोठ्या मापात. एखादा हौशी गडी रात्री जागून हे जुळवतो, कड एका पिक्सेलची ठेवतो कारण ती नाजूक दिसते, आणि मग विंडो लहानमोठी करू पाहणारा माणूस माउस घेऊन ती कड शोधत बसतो. (ऑल्ट दाबून उजव्या बटणाने ओढावे, कड लागतच नाही. थीमकारांच्या नाजूक आवडीने ही युक्ती पुष्कळांना शिकवली.)

मग 2013 साली जीटीके 3.10 ने हेडरबार आणला. टायटल आणि टूलबार एकाच पट्टीत, आणि ती पट्टी प्रोग्रामनेच काढायची. 768 पिक्सेल उंचीच्या लॅपटॉपवर जागा वाचली, हे नाकारत नाही. पण तेव्हापासून या वाड्यात प्रत्येक भाडेकरू आपापला दरवाजा घेऊन राहायला येतो, आणि कडीही त्याच्याच हातात असते. प्रोग्राम गोठला की त्याला बंद करायचे बटणही त्याच्यासोबत गोठते. जुनी चौकट विंडो मॅनेजरची असल्याने निदान विंडो बाजूला तरी सारता येई.

एकसारखेपणा आणायचा प्रयत्न कोणी केलाच नाही असे नव्हे. 2002 साली रेड हॅट लिनक्स 8.0 ने ब्लूकर्व्ह नावाची थीम करून गनोम आणि केडीई दोघांना एकच रूप दिले. पेढे वाटायचे सोडून केडीईच्या गोटात नाराजी पसरली: आमचे वेगळेपण पुसले! म्हणजे वेगळे दिसले तर वापरणारा रागावतो आणि सारखे दिसले तर करणारा.

2019 साली तर आपल्यातल्या काही अ‍ॅपकारांनी स्वतःच खुले पत्र लिहिले, की वितरणांनी आमच्या अ‍ॅपना परस्पर थीम चढवू नयेत; स्वतःच्या यंत्रावर कोणाला हौस भागवायची असेल तर खुशाल भागवावी. तक्रार खोटी नव्हती. कोणाच्या तरी थीममुळे अक्षरे पार्श्वभूमीत बुडतात आणि बोलणी खातो अ‍ॅपकार. पण त्यावर उपाय काय झाला? 2021 च्या शेवटच्या दिवशी गनोमची लिबअद्वैता 1.0 ही लायब्ररी आली आणि त्यावर बांधलेल्या अ‍ॅपनी वापरणाऱ्याच्या थीमकडे पाहणेच सोडले. शेवटी लिनक्स मिंटला 22 व्या आवृत्तीत गनोमची काही अ‍ॅप त्यांच्या जीटीके 3 वरच्या जुन्या आवृत्त्यांवर मागे न्यावी लागली.

एक्स 11 च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये तर चौकट कोणी काढायची हे भांडण मिटवायची सोयही आहे. 2018 साली आलेल्या एक्सडीजी-डेकोरेशन या प्रोटोकॉलमध्ये प्रोग्राम आणि डेस्कटॉप एकमेकांना विचारून ठरवतात, की चौकट तू काढतोस की मी काढू. केडीईच्या केविन या विंडो मॅनेजरने तो स्वीकारला, डब्ल्यूएलरूट्स लायब्ररीवाल्यांनी स्वीकारला. गनोमच्या मटर या विंडो मॅनेजरने नाही. त्यामुळे गनोमवर चालायचे असेल तर ज्याला चौकटीशी काही देणेघेणे नाही अशा खेळालाही लिबडेकॉर नावाचे गाठोडे सोबत ठेवावे लागते. गोळ्या झाडायला आलेल्याने आधी टायटल बार रंगवावा!

तेव्हा मागणे एवढेच. मटरकारांनी तो प्रोटोकॉल स्वीकारावा. हेडरबार ज्याला हवा त्याने सुखाने ठेवावा, त्याने कोणाचेच अडत नाही. बाकी अ‍ॅपकारांनी फायरफॉक्स आणि क्रोमियमसारखा सिस्टिमचा टायटल बार वापरायचा पर्याय सेटिंगमध्ये द्यावा. आणि थीमकारहो, कड निदान चार पिक्सेलची करा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
चार फुल्यांचा धनी