बुडालेल्या विमानाची तहकीकात

२ जुलै १९३७ रोजी हाउलंड बेटाच्या वाटेवर अमेलिया इअरहार्ट आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन ह्यांचे विमान प्रशांत महासागरावर अंतर्धान पावले, आणि जगभरच्या निवृत्त, निरुद्योगी व निःशंक शोधकांस एक अक्षय वतन लाभले. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथून समुद्र दिसण्याची सोय परमेश्वराने मुळीच ठेविलेली नाही, त्या आमच्या जळगाव जामोद येथेही, स्वतःच्या शेताचा बांध ज्यांस नक्की ठाऊक नाही अशी मंडळी चहाच्या टपरीवर ओल्या बोटाने मोबाइलवरचे नकाशे फुगवीत ही तहकीकात चालवितात. एका पक्षाच्या मते बाई जपान्यांच्या कैदेत वारल्या, दुसऱ्याच्या मते निकुमारोरो बेटावर. २०२४ च्या जानेवारीत सोनारच्या पिवळट छायेत विमान ‘सापडले’, तेव्हा दोन्ही पक्ष सुतकात गेले. नोव्हेंबरात तो खडक ठरताच जिलेबी वाटली गेली.