आदी शेतकरी

पेरणी उरकली की परभणी जिल्ह्यातल्या गावांत एसटीतून सहा-आठ पोरं उतरतात. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, काखेत गुंडाळलेलं फ्लेक्स आणि पायांत पांढरे बूट. त्या बुटांवरूनच पारावरची मंडळी ओळखतात की कृषिदूत आले. पोरांनी तोंड उघडायच्या आत कुणीतरी बोट दाखवतं, "तात्याचं घर तिकडं."

हा तात्या एकटा नाही. जिंतूरकडं तो आबा असतो, पाथरी-सोनपेठच्या अंगाला बप्पा, पालमकडं मामा. पाच-सात एकर काळं वावर, उन्हाळ्यात तळ दाखवणारी विहीर, सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कागदावर एक बिनपगारी पद: यजमान शेतकरी.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यानं काही महिने गावात शेतकऱ्याजवळ काढायचे, याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. पोरांच्या तोंडी नुसतं 'रावे'. १९९२ साली रंधावा समितीनं याची शिफारस केली. पुढं २०१५ मध्ये 'स्टुडंट रेडी' हा कार्यक्रम आला, त्यात हे गावचं शिक्षण बसवलं आणि जोडीला काही आठवडे एखाद्या कृषी-उद्योगात काम करणंही आलं. शिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालायची तर बाकीच्या शाखांना सोपं असतं. कुलगुरू आणि कंपनीचे व्यवस्थापक सामंजस्य करारावर सह्या करतात, फाइल दोघांनी मिळून धरायची, फोटो काढायचा. शेतीत मालक कोण? तात्या. त्याच्याशी झालेला करार तोंडी आणि पाच शब्दांचा आहे: "या, बसा. च्या घेता नव्हं?"

पहिल्या दिवशी सर्वेक्षणाचा लांबलचक फॉर्म निघतो. तात्याला प्रश्नांचा क्रम पाठ. पोरगा अजून पेनाचं टोपण काढतोय तोवर तात्या "खातेदाराचं पूर्ण नाव" ओलांडून "सिंचनाची सोय" पर्यंत गेलेला असतो. "वार्षिक उत्पन्न?" असं विचारलं की तो थांबतो. "मागल्या पोरांनी काय लिवलं होतं?"

"ते कसं माहीत असणार, काका?"

"मग तेच टाका. लई काय बदल नाही."

तात्याच्या बोलण्यात पोरांची प्रगती कळते, कारण गुणपत्रिकेपेक्षा त्याच्या हाका जास्त प्रामाणिक. आल्या दिवशी एकवीस वर्षांचं पोरगंही 'सर' असतं आणि मुलगी 'म्याडम'. आठवड्यात पांढरे बूट चिखलात रुतून बसतात, पोरगं अनवाणी कोळप्यामागं चालायला लागतं, मग ते 'लेकरू' होतं. आणि विहिरीवरची मोटार बंद पडल्यावर ज्यानं न सांगता फ्यूज बघितला, त्यालाच नावानं हाक. शेवटपर्यंत 'सर' राहिलेल्यांबद्दल तात्या वाईट बोलत नाही. "ते मोठे साहेब व्हणार," एवढंच म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.

प्रात्यक्षिकांचा हंगाम बोर्डो मिश्रणानं सुरू होतो. एक टक्क्याचं प्रमाण पोरांना तोंडपाठ: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. दाखवायचं दहा लिटर, म्हणून दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. गोतावळा जमतो, फ्लेक्स दोन लिंबांच्या मधे बांधलं जातं. चुना वेगळा, मोरचूद वेगळं, मग दोन्ही एकत्र, सुंदर निळं पाणी तयार होतं आणि पोरगं भाषणाच्या सुरात म्हणतं, "शेतकरी बंधूंनो, आता हे फवारणीसाठी सज्ज आहे." तात्या काही न बोलता कमरेचा विळा काढतो आणि बादलीत बुडवून धरतो. थोड्या वेळानं पात्यावर तांबूस थर दिसतो.

"चुना कमी पडलाय, सर. ह्यानं पानं जळतील."

"हो, बरोबर, हीच ती तांब्याची चाचणी," पोरगं सावरून घेतं. "ती मी सांगणारच होतो."

"सांगा की मग," तात्या म्हणतो आणि मागं जाऊन बसतो. पोरगं विळा हातात घेऊन तीच चाचणी सगळ्यांना समजावून सांगतं, तात्याही मन लावून ऐकतो आणि शेवटी टाळ्या वाजवायला पहिला हात त्याचाच.

कृषिकन्यांचा विभाग तात्याच्या बायकोकडं, म्हणजे काकूंकडं. तिथं शिस्त जास्त. उगवणक्षमता तपासायची म्हणून मुलींनी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडले. २०२० साली मराठवाड्यात पेरलेलं सोयाबीन ठिकठिकाणी उगवलंच नाही, तेव्हापासून हे प्रात्यक्षिक हौसेचं राहिलेलं नाही. मुली गोणपाट गुंडाळून ठेवतात, रोज पाणी शिंपडतात, दिवस भरले की मोजतात. "सत्तरच्या वर आले तर बियाणं चालेल, काकू." काकू मान डोलावतात. "माझ्याकडचं आता व्हऱ्हांड्यात बघा, त्र्याऐंशी आलेत. तुमी यायच्या आधीच ठिवलं होतं." मुली ते त्र्याऐंशी आपल्या वहीत लिहून घेतात. वहीत ते 'आमच्या मार्गदर्शनाखाली' उगवतात.

गावाचा नकाशा काढायच्या दिवशी देवळापुढं रांगोळी पडते. हिरव्यानं शेतं, निळ्यानं ओढा, पिवळ्यानं घरं. यालाच ते ग्रामीण सहभागी मूल्यावलोकन म्हणतात. तात्याचा सहभाग असा, की काय काढायचं हे तो पोरांना सांगत नाही, काय नाही काढायचं ते सांगतो. "त्या वळणावरचं दुकान राहू द्या." कसलं दुकान, हे पोरांना संध्याकाळी कळतं.

मग येते बातमी. मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं जिल्हा पान काढा: 'कृषिदूतांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन'. खाली प्राचार्य, कार्यक्रम समन्वयक, कार्यक्रम अधिकारी, विषयतज्ज्ञ, मग कृषिदूतांची नावं संपूर्ण, वडिलांसकट. आणि शेवटी 'यावेळी सरपंच, उपसरपंच आदी शेतकरी उपस्थित होते.' तात्या त्या 'आदी'त आहे. हंगामामागून हंगाम तो आदीच आहे. फोटोत मात्र मधोमध, कारण विळा त्याच्या हातात. कात्रण तो जपून ठेवतो. "हा माझा विळा," असं नातवाला दाखवतो.

खरा अभ्यासक्रम दिवस मावळल्यावर आखाड्यावर चालतो. विद्यापीठात जागतिक बँकेच्या मदतीनं ड्रोन आणि यंत्रमानवांचा प्रकल्प झाला, त्याच्या गोष्टी पोरं सांगतात. तात्याला त्यात गोडी आहे. पाठीवर पंप घेऊन वर्षानुवर्षं फवारलेल्या माणसाला ड्रोनचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो फक्त विचारतो, एक एकराचं भाडं किती, आणि बिघडला तर परभणीला न्यायचा का हैदराबादला. कुणी परभणी क्रांतीचं नाव काढलं आणि शहरातून आलेल्या पोरानं ती मुक्तिसंग्रामातली एखादी लढाई समजली, तर तात्या गालातल्या गालात हसत सांगतो, "भेंडी हाय ती, लेकरा. आपल्याच विद्यापीठाची. रानभेंडीशी संकर करून केवड्याला तोंड देणारी काढली होती."

एका सकाळी तो पोरांना मोंढ्यात नेतो. आडत्याचं यंत्र कुणाच्या तरी लवकर निघालेल्या सोयाबीनचा ओलावा दाखवणार, त्याआधी तात्या दोन दाणे दाताखाली धरतो. "तेरा." यंत्रावर तेरा पॉइंट दोन. हमीभावाची खरेदी बारा टक्क्यांवर अडून बसते, त्यामुळं तो एक पॉइंट दोन म्हणजे पोतं परत नेणं किंवा पडेल त्या भावाला टाकणं. पोरांनी ओलावा ओव्हनमध्ये वाळवून काढायची पद्धत शिकलेली असते. दातानं काढायची पद्धत त्यांच्या पुस्तकात नाही, आणि तात्याचे दातही आता फार राहिलेले नाहीत.

पण पोरांना शेती करायची नसते. दुपारी लिंबाखाली बसून ती बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेची नाहीतर एमपीएससीची पुस्तकं वाचतात. निवड झाली नाही तर कृषी सेवा केंद्राचा परवाना: औषधं विकायला कृषीची किंवा विज्ञानाची पदवी, नाहीतर कृषीची पदविका लागते, त्यामुळं तालुक्याच्या काही दुकानांत भिंतीवर पदवी एकाची आणि गल्ल्यावर माणूस भलताच. तात्याला हे सगळं ठाऊक आहे आणि त्याचा राग नाही. त्याचा स्वतःचा मुलगा चाकणला कारखान्यात आहे. म्हणून तो पोरांना पोरांच्याच नोकरीसाठी तयार करतो.

"मी पीककर्ज मागायला आलोय. तुमी साहेब. बोला."

"या काका, बसा."

"बसा म्हणू नका. खुर्ची एकच असती तिथं. काय कागदं मागणार?"

"सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, पासबुक..."

"आनि दुसऱ्या बँकांची बेबाकी. ती आणली मी. आता?"

"आता... कर्ज मंजूर करतो."

तात्या डोक्याला हात लावतो. "आता 'उद्या या' म्हणा."

"पण सगळी कागदं आहेत ना?"

"असू द्या. म्हणा."

पोरगं घुटमळत म्हणतं. तात्या पुन्हा म्हणायला लावतो, या वेळी वर न बघता. तिसऱ्यांदा जमतं. "आता ह्याचा फायदा सांगतो," तात्या तंबाखू मळत म्हणतो, "तुमी साहेब झाल्यावर तोंडातून 'उद्या या' निघालं, की तुमाला माझा आखाडा आठवल."

गावातल्या गुरुजींनी एकदा त्याला जर्मनीचं सांगितलं. तिथं शेतकरी व्हायला तीन वर्षांची उमेदवारी, बराचसा काळ खऱ्या शेतावर आणि अधूनमधून शाळा. पोराला शिकवणारा शेतकरी बहुधा 'माइस्टर' झालेला, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद ठरलेला. जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे आम्ही परभणीकर छाती फुगवून म्हणत आलो, ते कशावरून हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तात्यामुळं निदान एक मुद्दा हाती लागला. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. माइस्टर हा शब्द तात्याला फार आवडला. त्यानं विचारलं, "मग त्या माइस्टराला पगार कोण देतं?"

"तोच पोरांना देतो, दर महिन्याला."

तात्या बराच वेळ गप्प. "आपलंच बरंय मग."

पुढच्या खरिपात एका कॉलेजात उद्योग आणि शिक्षण यांच्या समन्वयाची बैठक भरली. बियाणं कंपन्या, खत कंपन्या, बँका, ठिबकवाले. शेतकरी प्रतिनिधी म्हणून तात्या, इस्त्रीचा सदरा घालून, मागच्या रांगेत. प्रत्येक साहेब उठून हेच म्हणत होता की पदवीधरांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसतो. आभार मानायच्या जरा आधी तात्याला दोन मिनिटं मिळाली.

"लेकरं चांगली असत्यात," तो म्हणाला. "पण तुमी त्यांना पेरणी झाली की धाडता आन् रास व्हायच्या टायमाला परीक्षेला बोलावता. खर्च किती झाला ते लिवून नेत्यात, हातात काय पडलं ते त्यांना कधी कळतच नाही. एक वर्ष त्यांना तोटा बघू द्या. मग तुमच्या कंपनीत न्या."

सभागृह हसलं, का ते तात्याला कळलं नाही. अध्यक्षांनी सूचना नोंदवून घेतल्याचं सांगितलं. नोंद झालीही असेल. मी त्या सभेचं इतिवृत्त पाहिलेलं नाही. परीक्षेच्या तारखा मात्र जिथल्या तिथं आहेत.

बाहेर टेबलावर लिपिक येणाऱ्यांची माहिती भरून घेत होता. शाल-नारळ काखेत धरून तात्या रांगेत उभा राहिला.

"कंपनीचं नाव?"

"कंपनी नाही. वावर हाय."

"मनुष्यबळ किती?"

"मागल्या साली आठ. दोघी पोरी धरून."

"त्यांना वेतन?"

"दोन टाईम च्या. पोळ्याला जेवण."

लिपिकानं रकान्यांवरून बोट फिरवलं, शासकीय पाहिलं, खाजगी पाहिलं, सहकारी पाहिलं. "तुम्हाला 'इतर' मध्ये टाकतो, काका. इथं सही करा."

तात्यानं सही केली आणि पेन परत देता देता विचारलं, "ते समदं ठीक हाय, पण औंदा पोरं कवा धाडायलात? तण वर आलंय."